आई नाय आता

मतदार यादीचं काम माझ्याकडे सलग अकरा वर्षं होतं. ते शाळेतल्या बाईंच्या गळ्यात कसं पडतं, हे शिक्षकांच्या घरात वेगळं सांगावं लागत नाही. पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी आमची दोन शिक्षकांची शाळा होती. राहायला मी महाडला. सकाळच्या एसटीने पोलादपूर, तिथून सहा सीटर, आणि शेवटचा तुकडा पायी. खालचं गाव आणि डोंगरावरच्या तीन वाड्या मिळून एक यादी होती, आणि ती नीट ठेवायची जबाबदारी माझी. लोक मला ‘यादीवाली बाई’ म्हणायचे. शिकवलेलं कोणाच्या लक्षात राहिलं असेल-नसेल, यादी मात्र सगळ्यांच्या लक्षात होती.

सुरुवातीची वर्षं सगळं पायी आणि तोंडी. दिवाळीची सुट्टी संपली, भात झोडून झालं, की मी छापील यादी प्लास्टिकच्या पिशवीत घालून निघायची. पडवीत बसून एकेक नाव मोठ्याने वाचायचं. नाव वाचलं की घर बोलायला लागायचं. थोरली वरंधला दिली, तिचं नाव आता तिकडं घाल. मधला बोटीवर हाय, पन मतदानाला येतो म्हणालाय. ह्यो आमचा म्हातारा गेला, पन त्याचं नाव वाचलंस ते बरं वाटलं गो, ऱ्हाऊ दे अजून एक वरीस. एक नाव तपासायला पाच मिनिटं लागायची, आणि एक घर सोडायला अर्धा तास. त्या वेळी मला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटायचा. आता वाटत नाही. त्या वर्षांच्या माझ्या वह्या पुराच्या पाण्यात गेल्या, महाडला आमच्या तळमजल्यात छातीइतकं पाणी होतं. पण त्यातली बरीचशी घरं मला अजून पाठ आहेत.

सगळ्यात वरची वाडी बारा घरांची, त्यातली सात कुलूपबंद. शेवटचं घर काकींचं. वय पासष्टच्या पुढे, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पाच-सहा शेळ्या, एक म्हैस आणि उताराला नाचणीची दोन वावरं. मुलगा आणि सून नालासोपाऱ्याला. मी पहिल्यांदा गेले तेव्हा यादीत काकींचं वय चुकून मुलापेक्षा दोन वर्षांनी कमी लागलं होतं. मी तसं वाचून दाखवलं. त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की शेळ्या बिचकल्या.

“मंग मला जल्माला त्यानं घातलं म्हनायचं!”

मी दुरुस्तीचा फॉर्म भरला, त्यांनी अंगठा दिला. मग ताक दिलं, वाटीत मीठ वेगळं दिलं, आणि कारवीतून वाट निसरडी होती म्हणून पार खालच्या वळणापर्यंत माझ्याबरोबर आल्या. मी नको नको म्हणत होते. “तू पडलीस तर यादी कोन पुरी करनार?” म्हणाल्या. त्यानंतर दर वर्षी मी त्यांचं घर मुद्दाम शेवटी ठेवायची, म्हणजे उठायची घाई नसायची.

मग मोबाईल आले. माणसांआधी त्यांचे नंबर यादीत आले. एका वर्षी तालुक्याच्या कार्यालयात आमची बैठक झाली आणि सांगितलं गेलं की ज्या घरांचे नंबर आहेत त्यांना आधी मेसेज करा, उत्तर येईल ते वहीत नोंदवा, उत्तर आलं नाही तिथे घरी जा. मेसेजचा मजकूरही दिला होता. ‘आपल्या घरातील खालील नावे बरोबर आहेत का? कोणी मयत किंवा स्थलांतरित असल्यास कळवावे.’ त्याखाली त्या घरातली नावं घालायची. अधिकारी शेवटी एक वाक्य बोलले होते, ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहूनही ठेवलं होतं: मेसेज म्हणजे चौकशी, पुरावा नव्हे. कोणाचंही नाव कमी करायचं तर घरी जाऊन खात्री, शेजाऱ्यांच्या सह्या, आणि मगच सात नंबरचा फॉर्म.

मी महाडला घरी बसून संध्याकाळी मेसेज पाठवायची. माझे निम्मे मतदार मुंबईत होते, ते कामावरून सुटले की उत्तरं यायला लागायची. कोणी अंगठा दाखवायचं. कोणी बारशाचा फोटो पाठवून विचारायचं, हिचं नाव घालता का. एकाने मला देवीच्या फोटोसह सुप्रभात पाठवायला सुरुवात केली, ती काही थांबली नाही. आणि सगळ्यात जास्त उत्तर यायचं ते एका शब्दाचं: ‘हाय’. आता हे ‘हाय’ म्हणजे नाव बरोबर आहे, की मुंबईतली पोरं एकमेकांना करतात तो नमस्कार? पहिल्या आठवड्यात मी सगळी ‘हाय’ होकारात धरली. मग एका घरातून ‘हाय’नंतर दोन दिवसांनी आलं, ‘बोला मॅडम काय काम होतं’, तेव्हा मी कपाळावर हात मारला आणि पुन्हा सगळ्यांना विचारत बसले.

काकींच्या घराच्या नोंदीला नंबर होता मुलाचा. नावं तीन: काकी, मुलगा, सून. पावसाळ्याआधी मुलगा काकींना मुंबईला घेऊन गेल्याचं मला खालच्या गावात कळलं होतं. शेळ्या आणि म्हैस तेवढ्यापुरती शेजारच्या जावेकडे. त्यांचं घर कुलूपबंद असणार म्हणून मी इतर घरांसारखाच मेसेज पाठवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. तव्यावर पोळी असतानाच उत्तर आलं.

‘आम्ही दोघं हाय. आई नाय आता.’

मी गॅस बंद केला. हात पिठाचे होते, तशीच ओट्याला टेकून उभी राहिले. पुन्हा पुन्हा वाचलं. वाचून अर्थ बदलत नव्हता. कधी, कशाने, असं विचारणं बरं दिसेना. यादीच्या कामाला आलेली बाई मी, त्याच्या आईबद्दल विचारणारी कोण? शेवटी मी फक्त जोडलेले हात पाठवले. मिनिटभरात त्याच्याकडूनही जोडलेले हात आले.

वहीत काकींच्या नावापुढे मी पेन्सिलीने लिहिलं: मयत. त्याआधीच्या वर्षांत तो शब्द मी पुष्कळदा लिहिला होता. पण त्या दिवशी पेन्सिल कागदावर टेकवून थोडा वेळ तशीच धरली. नवऱ्याने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, ताकवाल्या काकी गेल्या. त्याला एवढ्यावर कळलं. घरात त्यांचं नाव कोणालाच माहीत नव्हतं, पण ताक सगळ्यांना माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात मी ग्रामसेवकांकडे मृत्यूची नोंद विचारली. त्यांनी रजिस्टर पाहिलं, नोंद नव्हती. “मुंबईला वारल्या असतील तर तिकडे असेल. मुलाकडून दाखल्याचा फोटो मागवा की,” ते सहज म्हणाले. बोलणं सरळ होतं. मी फोन काढला, मुलाचं नाव उघडलं, आणि ते दोन जोडलेले हात बघून परत पर्समध्ये टाकला. मागवलं नाही. यादी जमा करायला थोडेच दिवस उरले होते, आणि वर जायला दीड तासाची चढण. खरं सांगायचं तर मी टाळत होते. त्या घराला कुलूप बघायचं नव्हतं मला.

शनिवारची शाळा सकाळची. ती सुटल्यावर निघाले. जावेला भेटायचं, तिची सही घ्यायची, दोन शब्द बोलायचे, एवढंच ठरवलं होतं. आमच्याकडची रीत म्हणून पिशवीत चहापावडर आणि साखर घेतली, दुःखाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही. वरच्या वळणाला पोचले तेव्हा ऊन कललं होतं. गवत पिवळं पडलेलं, खळ्यावर पेंढ्याच्या उडव्या रचून झालेल्या. समोरून शेळ्या आल्या. त्यांच्यामागे, काठी खांद्यावर आडवी टाकून, काकी.

मी वाटेतच खाली बसले.

“काय गो बाई,” त्या जवळ येऊन म्हणाल्या, “भूतबीत बगितलंस काय?”

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, ऊन लागलं म्हणाल्या, काठी टाकून मला दंडाला धरून उठवलं आणि घरी नेलं. पडवीत बसवलं, पाणी दिलं. कपाळावर गोंदण, पायाला शेण लागलेलं. माझी नजर त्यांच्यावरून हलत नव्हती. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं.

“चा-साकर? माज्या घरी चा-साकर आनलीस? का गो? कोन गेलं?”

मी खोटं बोलायचा प्रयत्न केला. असंच आणलं, म्हटलं. पण त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि मला रडू फुटलं. मग सगळं सांगितलं. मेसेज, मुलाचं उत्तर, जोडलेले हात, वहीतला शब्द. सांगताना मला वाटत होतं की आता या मला घराबाहेर काढतील, आणि काढलं तर बरोबरच आहे.

काकी आधी हसल्या. मग हसणं थांबलं, आणि त्या समोर उकिडव्या बसल्या.

“त्यानं लिवलंय ते वाच.”

मी फोन उघडून वाचलं. आम्ही दोघं हाय. आई नाय आता.

“परत वाच.”

परत वाचलं.

“अगं, तो तितलं सांगतोय. आमी दोगं हाय तितं. आई नाय आता तितं. मी निगून आले न्हवं का दिवाळीच्या मागनं!” त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी वर्गात उजळणी चुकलेल्या पोराकडे बघायची. “येवडी शाळा शिकलीस, आनि येवडं कळलं नाय तुला?”

खरंच कळलं नव्हतं. अक्षर न येणाऱ्या बाईने ते दोन ओळींचं उत्तर एका दमात उलगडलं होतं, कारण तिने ते त्याच्या आवाजात ऐकलं, आणि मी कागदावरच्या रकान्यासारखं वाचलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी महाडला, म्हणून त्या परत आल्याचं मला कळायचं कारण नव्हतं. पण विचारायला काय झालं होतं? एक फोन. मी एक फोन केला नव्हता.

मग त्यांनी हळूहळू त्या का निघून आल्या ते सांगितलं. चौथ्या मजल्यावरची खोली. मुलगा आणि सून दोघं कामाला जायची. आई जिना उतरून हरवेल या भीतीने मुलगा जाताना बाहेरून कडी घालायचा. त्याचं म्हणणं काळजीचं. पण सहा महिने दुपारभर बंद दाराकडे बघत बसणं त्यांना झालं नाही. “माज्या शेळ्यांना बी मी असं कोंडत नाय,” त्या मुलाला म्हणाल्या. तो रागावला. गावच्या एका बाईबरोबर त्या एसटीने परत आल्या. पोचल्याचं जावेच्या फोनवरून कळवलं, आणि नंतर तीन आठवडे दोघांतलं बोलणं बंद. वाडीत घरात रेंज नाही. ती मिळते गोठ्यामागे चढावर, हिरड्याच्या झाडाखाली मोठा दगड आहे तिथे. तिथवर त्या रागाने गेल्या नव्हत्या. “त्याला गरज असंल तर तो यील,” असं म्हणून बसल्या होत्या.

“मग आत्ता जाऊ,” मी म्हटलं.

“नको.”

“काकी, मी यादीत तुम्हाला मारून ठेवलंय. मला ते खोडायचंय. त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी खोडणार नाही.” हे खोटं होतं. खोडायला त्या समोर असणं पुरे होतं. पण काम म्हटल्यावर त्या उठल्या.

दगडावर दोघी बसलो. मी फोन लावला आणि आवाज मोठा केला. मुलाने उचलला, मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

“बोला मॅडम. यादीचं काय झालं?”

मी विचारलं, “तुम्ही लिहिलंत आई नाय आता, त्याचा अर्थ काय?”

“म्हणजे गावाला गेली ना ती. आमच्याकडं नाय. का, काय प्रॉब्लेम झाला?”

“मला वाटलं त्या गेल्या. देवाघरी.”

पलीकडे यंत्रांचा आवाज कमी झाला, बहुतेक तो चालत बाहेर आला असावा. “पण तुम्ही हात जोडले ते…”

“ते दुःखाचे होते.”

“मला वाटलं तुम्ही थँक्यू म्हणताय,” तो म्हणाला. आणि मग, घाबऱ्या आवाजात, “मॅडम, पण ती हाय ना? तुम्ही गेला होता का वर? ती बरी हाय ना?”

मी फोन काकींच्या हातात दिला. त्यांनी तो आरशासारखा समोर धरला.

“मी हाय रे,” त्या म्हणाल्या. “हाय मी.”

मग तो म्हणाला, “आई, जेवलीस काय?”

“जेवले. भाकर नि कुळथाचं पिठलं. तू?”

“मी आता जेवनार.”

“उशीर झाला.”

“आज लोड हाय जरा.”

मी उठून थोडी लांब गेले, शेळ्या पांगू नयेत म्हणून त्यांच्यामागे उभी राहिल्यासारखं केलं. दोघं काय बोलले ते मला माहीत नाही. कानावर आलं ते इतकंच, की काकी त्याला सांगत होत्या, दाराला कडी नको, मी जिना मोजून ठेवला होता. परत आले तेव्हा त्यांनी फोन पदराने पुसून मला दिला. रडल्या नव्हत्या. माझी वही मागितली. मी ते पान उघडलं, त्यांना वाचता येत नव्हतं, तरी बोट ठेवून दाखवलं. शाळेचा खोडरबर माझ्या पर्समध्ये असायचाच. त्यांनी तो माझ्या हातून घेतला आणि स्वतः खोडलं. इतक्या जोराने, की कागद तिथे पातळ झाला.

मुलगा पुढच्याच रविवारी आला, सुनेला घेऊन. मी तिथे नव्हते, मला खालच्या गावात कळलं. तो आईला परत न्यायला आला नव्हता. छपराची फुटकी कौलं बदलली, दोन दिवस राहिला आणि गेला. त्यानंतर ठरलं की रविवारी सकाळी दहाला आईने दगडावर यायचं. पुढच्या वर्षी एका रविवारी दुसऱ्या कामाने मी वर गेले होते, तेव्हा लांबूनच पाहिलं. हिरड्याखाली काकी बसलेल्या, मुलाने घेऊन दिलेला छोटा फोन मांडीवर, शेळ्या आजूबाजूला चरत. फोन अजून वाजला नव्हता. मी हाक न मारता मागे फिरले, आधी बाकीची घरं केली.

त्या प्रसंगाने माझी पद्धत बदलली. मेसेज पाठवायची, तो पाठवायलाच हवा होता. पण ज्या उत्तरात ‘नाय’ असेल तिथे फोन करायचा, आणि फोनवर नुसतं विचारायचं, काय नाय, कुठे नाय? एका घरात ‘काका नाय’ म्हणजे काका शेतावर होते. एका घरात ‘ती नाय’ म्हणजे सून माहेरी शिवथरला बाळंतपणाला गेली होती. आणि एका घरात ‘नाय’ म्हणजे खरोखरच नव्हते, तिथे मी कितीतरी वेळ फोनवर नुसती ऐकत बसले. माझी यादी त्या वर्षापासून सगळ्यात उशिरा जमा व्हायची. कार्यालयात दोनदा बोलणी खाल्ली. मला त्याचं काही वाटलं नाही.

त्यानंतरची निवडणूक आली तेव्हा काकी डोंगर उतरून खाली आल्या, मुलगा आणि सून मुंबईहून आदल्या दिवशी आलेली. मी केंद्राबाहेर चिठ्ठ्या द्यायला बसले होते. काकींची चिठ्ठी काढून दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि रांगेतल्या बायकांना मोठ्याने म्हणाल्या, “ह्या बाईनं मला मारली होती, आनि परत हिनंच जगवली.” सगळ्या बायका हसल्या. मीही हसले, पण मान खाली घालून.

आता माझी बदली महाडच्या शाळेत झाली आहे. इथली यादी शहराची. उत्तरं पटापट येतात, पूर्ण वाक्यात, प्रमाण भाषेत, आणि कोणी ताक देत नाही. दारं अर्धीच उघडतात. लोक बरेचदा स्वतःच मोबाईलवर फॉर्म भरून मोकळे होतात, मला फक्त तपासायचं उरतं. काम सोपं झालं आहे, तक्रार करायला जागा नाही. तरी दिवाळी संपून हवेत भाताच्या पेंढ्याचा वास आला की माझे पाय डोंगराकडे वळायला बघतात, आणि कोणीतरी नाव वाचल्यावर बोलायला लागेल म्हणून कान वाट बघतो.

बदली व्हायच्या आधी मी शेवटची वर गेले होते. काकी नाचणी पाखडत होत्या. मी सांगितलं की पुढच्या वर्षापासून दुसरे गुरुजी येतील, तरुण आहेत, चांगले आहेत. त्यांनी सूप थांबवलं नाही.

“त्याला चढन जमंल काय?”

“जमेल.”

“मंग त्याला सांग,” त्या म्हणाल्या, “लांबनंच हाक मारत यायचं. आता मी कुत्रा पाळलाय, आनि तो यादी-बिदी काय बगत नाय.”